सासूबाई मालवणच्या, जेवण न्यूयॉर्कला: टेस्टिंग मेनू घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता. सासू-सासरे पुढच्या महिन्यात भारतातून येताहेत, त्यांच्या लग्नाला ४० वर्षं झाली, म्हणून तुम्ही न्यूयॉर्कच्या ल बर्नार्दां या माशांच्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये चौघांचं टेबल बुक केलंय, रात्री ८ चं. सासूबाई मालवणच्या, जन्मभर मासे खाल्लेल्या. सासरे ७२ वर्षांचे, डायबेटिस आहे. तुम्ही पीत नाही, बायको वाइन घेते. टेस्टिंग मेनू (म्हणजे त्यांनीच ठरवलेले, एकामागून एक येणारे छोटे छोटे पदार्थ) घ्यावा का, वाइन पेअरिंगचे (म्हणजे दर पदार्थाबरोबर वेगळ्या वाइनचे) पैसे वसूल होतात का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. आणि शेवटी हळूच एक ओळ टाकलीत: ‘आमची फजिती तर होणार नाही ना?’

माझ्याबद्दल दोन शब्द. मी रेवदंड्याची. दादरच्या केटरिंग कॉलेजातून निघाले, चार वर्षं क्रूझवर होते, मग सतरा वर्षं न्यूयॉर्कच्या वेगवेगळ्या रेस्टॉरंटांत आधी कॅप्टन, म्हणजे वाढप्यांची मुख्य, आणि नंतर सोमेलिए, म्हणजे वाइन बघणारी. ल बर्नार्दांमध्ये मी कामाला कधी नव्हते; तिथे दोनदा जेवलेय, त्यातलं एकदा माझ्या आईला घेऊन. म्हणून तुमचा प्रश्न वाचून जरा जास्तच लिहिणार आहे.

काट्या-चमच्यांचं आत्ता बाजूला ठेवू, ते पाच मिनिटांचं काम आहे. तुमची खरी अडचण अशी की चौघांच्या चार तऱ्हा आहेत आणि टेस्टिंग मेनू हा प्रकार सगळ्यांना एका पंगतीत बसवतो. वाढपी वाढेल ते पानात पडणार, क्रम त्याचा, वेळही त्याची. बहुतेक ठिकाणी नियमच असतो की घ्यायचा तर अख्ख्या टेबलाने घ्यायचा. गिऱ्हाइकाला हा हट्ट वाटतो, पण आतून बघितलं की कारण कळतं. चौघांची चारही पानं एका क्षणी टेबलावर टेकली पाहिजेत. एकाचे आठ पदार्थ आणि दुसऱ्याचे चार झाले, तर अर्धा वेळ कुणीतरी रिकाम्या मेजासमोर हात बांधून बसणार.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: या वेळी टेस्टिंग नको. प्री-फिक्स घ्या, म्हणजे ठरलेल्या किमतीत ज्याने त्याने आपापले पदार्थ निवडायचे. आणि जमत असेल तर रात्रीचं बुकिंग बदलून दुपारचं करा.

दुपारचं का? उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. येऊन आठवडा झाला नसेल तर सासरे दुसऱ्या कोर्सला डुलक्या घेतील. मी असे आजोबा कितीतरी पाहिलेत, समोर शंभर डॉलरचा मासा आणि हनुवटी छातीवर. आठ पदार्थांना अडीच-तीन तास सहज जातात. डायबेटिसच्या माणसाला जेवण इतकं लांबणं तसंही बरं नाही. घास लहान, मधले वेळ मोठे, आणि जेवणाआधीची गोळी नेमकी कधी घ्यायची हा घोळ. गोळीचं डॉक्टरांना आधी विचारून घ्या. ल बर्नार्दां सोमवार ते शुक्रवार दुपारी उघडं असतं, तेव्हाचा मेनू छोटा आणि रात्रीपेक्षा स्वस्त असतो, आणि स्वयंपाकघर तेच. रविवारी मात्र बंद. मालवणी माणसाचा हक्काचा मासळीचा वार, आणि नेमकं त्याच दिवशी कुलूप!

वारावरून आठवलं, आधी कालनिर्णय उघडा. चेष्टा करत नाहीये. एकदा एका मोठ्या मराठी कुटुंबाने महिनाभर आधी सहा जणांचं टेबल बुक केलं होतं. सगळे आले, बसले, ब्रेड आला आणि मग आजींच्या लक्षात आलं की आज संकष्टी. सासूबाई सोमवार करतात का, गुरुवार पाळतात का, श्रावण लागतोय का, हे बायकोला विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. ‘तुम्ही खा, मला काहीतरी चालेल’ म्हणतील आणि दोन तास ब्रेड कुरतडतील. ल बर्नार्दांमध्ये शाकाहारी टेस्टिंग मेनूही असतो, पण ते आधी फोन करून ठरवायचं.

आता मुख्य मुद्दा, सासूबाईंना ते जेवण फिकं लागेल का? पहिल्या दोन घासांना लागेल. तसं का ते त्यांना आधी सांगून ठेवलंत तर पुढचे घास वाया जाणार नाहीत.

हे रेस्टॉरंट जिल्बेर आणि मागी ल कोझ या भावंडांनी १९७२ साली पॅरिसमध्ये काढलं. मूळची ब्रिटनीची, म्हणजे फ्रान्सच्या कोकणातलीच म्हणा ना. १९८६ मध्ये त्यांनी ते न्यूयॉर्कला आणलं आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्क टाइम्सने चार तारे, म्हणजे त्यांच्याकडचे सगळेच, दिले. तेव्हा अमेरिकेत मासा म्हणजे करपेपर्यंत भाजलेला नाहीतर तळलेला. जिल्बेर भल्या पहाटे फुल्टनच्या मासळीबाजारात जाऊन स्वतः मासा पारखायचा. तो बाजार तेव्हा मॅनहॅटनमध्ये होता, २००५ साली ब्राँक्सला गेला. भाऊच्या धक्क्यावर पहाटेच्या लिलावाला उभं राहिलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. मासा इतका ताजा असेल तर त्याला शिजवायचं कशाला, आणि शिजवलाच तर त्याच्यावर चढवायचं कशाला, असा त्याचा सरळ हिशोब. १९९४ मध्ये जिल्बेर वारला. तेव्हापासून एरिक रिपेअर स्वयंपाकघर सांभाळतात. रेस्टॉरंटांना एक ते तीन तारे देणाऱ्या मिशेलिनचं न्यूयॉर्कसाठीचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हापासून तिन्ही तारे टिकून आहेत. मेनूची वाटणीसुद्धा त्याच हिशोबाने: जवळजवळ कच्चे, जेमतेम आच लागलेले आणि हलके शिजवलेले. मसाला किती किंवा तिखट किती यावर नाही, आच किती यावर अख्खा मेनू बेतलेला.

आपल्याकडे उलटं आहे. आपली परीक्षा वाटणात. खोबरं किती भाजलं, तिरफळं कधी टाकली, कोकम की चिंच. मासा ताजा हवा हे आपण गृहीतच धरतो, त्याचं कौतुक बाजारात होतं, ताटात नाही. सासूबाई बाजारात काय करतात ते आठवा. कल्ला वर करून लाल आहे का बघतात, पोटाला बोट दाबून खळगा भरून येतो का बघतात. ल बर्नार्दांत खायचं ते हेच, बोटाखालचं ते ताजेपण. त्यांना एवढंच सांगा की आज वाटण शोधू नका, बाजारात मासा जसा पारखता तसा आज तोंडात पारखा. माझ्या अनुभवात मालवणी बायकांना हे जितकं पटकन कळतं तितकं मॅनहॅटनच्या बँकवाल्यांना नाही.

माझ्या आईचं सांगते. तिने हलके शिजवलेल्यांतला हॅलिबट घेतला होता. पांढरा शुभ्र तुकडा, पापलेटच्या दोन गाद्या एकावर एक ठेवाव्यात एवढा जाड, खाली कसलीशी भाजी. वाढणाऱ्याने छोट्या किटलीतून भोवती पातळ रस्सा ओतला. आईने काट्याने तुकडा दाबला, पाकळ्या सुटल्या, आतला भाग किंचित पारदर्शक. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘हे शिजलंय का?’’ मी सांगितलं की या कामात बारीक धातूची सळई माशाच्या मधोमध खुपसून पाच सेकंद ठेवतात आणि मग ओठाला लावून बघतात. कोमट लागली की मासा झाला, चटका बसला की गेला. आईने एक घास खाल्ला, थांबली, दुसरा खाल्ला. म्हणाली, ‘‘मीठ बरोबर आहे.’’ आमच्या घरात याच्यापुढे कौतुक नाही. मग किटलीकडे बघून, ‘‘पण आमटी एवढीच?’’

त्यातून माझा एक सल्ला निघतो. सासूबाईंसाठी निवडताना हलके शिजवलेल्या गटावर भर द्या आणि जवळजवळ कच्च्यातलं काही हवं असेल तर बायकोने घेऊन त्यांना एक घास चाखवावा. त्या आधीपासून सुशी खात असतील किंवा नवीन खायची हौस असेल तर माझं हे सगळं गुंडाळून ठेवा. मग चौघांसाठी टेस्टिंगही चालेल. माणसामाणसावर आहे हे, आणि ते बायकोलाच ठाऊक असणार.

मेनू हातात आला की नावांवरून अडायला होईल, म्हणून थोडी उजळणी. लॉबस्टर म्हणजे शेवंडीचा थोरला भाऊ, पण याला नांग्या असतात. ऑयस्टर म्हणजे कालवं. स्क्विड म्हणजे माकुल. स्केट म्हणजे पाकटाच्या जातीतला. हॅलिबट आपल्या लेपाच्या कुळातला, मात्र आकाराने राक्षस. स्कॅलपला आपल्याकडे नेमका शब्द नाही. तिसऱ्यांच्या नात्यातला मोठा शिंपला, त्यातला गोडसर गोल गाभा तेवढा खायचा. आणि कॅव्हिअर म्हणजे गाबोळीच हो, स्टर्जन माशाची, मिठात मुरवलेली. हे सांगितलंत की सासूबाई हसतील आणि टेबलावरचा अर्धा ताण जाईल. फक्त एक गोष्ट त्यांना खटकणार हे धरून चाला. डोकं नाही, काटा नाही, चोखायला काही नाही.

लिंबू किंवा ताजी मिरची मागितली तर कुणी वाईट मानत नाही. माझ्या टेबलांवर मी कितीदा आतून बारीक चिरलेली मिरची आणून दिलीय. फक्त आधी एक घास तसाच खाऊन बघा, मग मागा. पर्समधून लोणच्याची बाटली मात्र काढू नका. एका काकूंनी काढली होती. मला त्यात काही वाटलं नाही, कोकणातली बाई मी. पण शेजारच्या टेबलावर लसणाचा वास पोचला आणि तिकडच्या माणसाने दीडशे डॉलरची बर्गंडी वाइन मागवली होती.

ॲलर्जीचं नीट बोला, इथे मराठी घोळ करते. आपल्याला सगळं मासेच. ‘मला माशाची ॲलर्जी आहे’ म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळदा फक्त कोळंबी-खेकडा चालत नाही आणि सुरमई मजेत चालते. कवचवाले (कोळंबी, खेकडा), शिंपलेवाले (कालवं, तिसऱ्या) आणि परवाले (सुरमई, पापलेट) असे तीन वेगळे गट आहेत, कोणता चालत नाही ते गटासकट सांगा. कारण रश्शात काय उकळलंय ते ताटात दिसत नाही. पापलेटसारखा निष्पाप दिसणारा मासा लॉबस्टरच्या रश्शात बसलेला असू शकतो. आणि लहानपणी बांगडा खाऊन अंगाला खाज आली होती म्हणून कुणी जन्मभर ‘ॲलर्जी’ सांगत असेल, तर बऱ्याचदा तो बांगडा उन्हात राहिलेला असतो. बांगडा, टूना असले मासे थंडाव्याशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं खाज आणणारं द्रव्य वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खात्री नसेल तर मात्र ॲलर्जी आहे असंच धरा.

सासऱ्यांना कच्ची कालवं देऊ नका. डायबेटिस किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांना त्यातल्या व्हिब्रिओ जातीच्या जंतूचा धोका जास्त असतो, आणि जागा कितीही महाग असली तरी हा धोका शून्य होत नाही. कच्च्या माशाचं थोडं निराळं आहे. अमेरिकन नियमाप्रमाणे कच्चा वाढायचा बराचसा मासा आधी उणे २० सेल्सियसला ७ दिवस किंवा उणे ३५ ला १५ तास गोठवतात, कृमी मरावेत म्हणून. टूनाच्या काही जातींना यातून सूट आहे.

आता वाइन. तुम्ही पीत नाही, सासू-सासरेही घेत नसावेत असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. म्हणजे एकटीसाठी पेअरिंग. माझं उत्तर: नको. पेअरिंगमध्ये दर पदार्थाला साधारण ७५ मिली येते. सहाच पदार्थांबरोबर धरली तरी ४५० मिली, अर्ध्या बाटलीपेक्षा जास्त, तेही आईवडिलांसमोर आणि बाकी तिघं पाण्यावर. पेअरिंगची मजा वाटून घेण्यात असते, ‘हे बघ, या घासाबरोबर कसं बदललं’ असं म्हणायला समोर कुणीतरी लागतं. बायकोला दोन ग्लास घेऊ दे, सुरुवातीला शॅम्पेन आणि मुख्य माशाबरोबर एक पांढरी. कोणती ते सोमेलिएला विचारा. तिथले वाइनप्रमुख आल्दो झोम यांनी २००८ साली सोमेलिएंची जागतिक स्पर्धा जिंकलेली आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी तुमच्यासमोर उभी असतील. त्यांना प्रश्न विचारणं हा तुमचा बिलात धरलेला हक्क आहे.

किंमत कशी सांगायची याची आमच्या धंद्यातली एक जुनी युक्ती आहे. वाइनची यादी उघडा, तुम्हाला झेपेल त्या आकड्यावर बोट ठेवा आणि म्हणा, ‘‘असं काहीतरी, पण माशाबरोबर जाणारं.’’ चांगल्या सोमेलिएला बोट कुठे आहे ते बरोबर दिसतं. सासऱ्यांसमोर आकडा उच्चारावा लागत नाही आणि तुमचा मानही राहतो. मी सतरा वर्षं असली बोटं वाचलीत. कंजूष वाटलेलं बोट एकही आठवत नाही. उलट ‘तुम्हीच काय ते आणा’ म्हणणाऱ्यांची भीती वाटायची.

वाइन माशाबरोबर कशासाठी, हे तुम्हाला न पिताही कळावं म्हणून सांगते. आपल्या ताटातलं कोकम आठवा. नारळाचं दूध जड, मासा तेलकट, मग सोलकढीचा घोट येतो आणि जीभ धुऊन निघते, पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. पांढऱ्या वाइनमधला आंबटपणा नेमकं हेच काम करतो, फक्त इथे नारळाच्या दुधाऐवजी लोणी असतं. म्हणून शाब्ली, म्युस्काडे, आल्बारिन्यो असल्या आंबटसर, लाकडी पिंपाचा वास नसलेल्या वाइन माशाबरोबर फिरत असतात. शाब्लीच्या चुनखडीच्या मातीत तर प्राचीन कालवांचे शिंपले सापडतात. वाइनला चव त्यामुळे येते की नाही यावर तज्ज्ञ भांडतात, पण कालवांबरोबर ती जाते यावर कुणी भांडत नाही.

तांबडी वाइन माशाबरोबर का नको, याचं कारणही नुसती रीत नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर स्कॅलपबरोबर तोंडात मागाहून हिवस वास उठतो, आणि लोह तांबड्या वाइनमध्ये बरेचदा जास्त असतं. पण हलकी पिनो न्वार टूनाबरोबर छान जाते, तेव्हा कुणी तांबडी सुचवली म्हणून दचकू नका.

जायच्या आधी घरी एक प्रयोग करून बघा, म्हणजे बायकोला तिथे काय मागायचं ते कळेल. न्यू जर्सीच्या कुठल्याही वाइनच्या दुकानातून जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट रीस्लिंग ही पांढरी वाइन आणा. अल्कोहोल आठ-नऊ टक्के, किंचित गोड. सासूबाईंना तिसऱ्यांचं सुकं करायला सांगा. तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन जीभ भाजते, ही गोडसर वाइन तिखट शांत करते. मुंबईतून हे वाचणाऱ्यांनी नाशिकच्या सोविन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनवर भागवावं. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलंय, त्यामुळे आपल्याकडच्या हॉटेलात शाब्लीचा आकडा बघून माशाची चव जाते.

तुम्ही स्वतः काय प्यायचं? आधी फोनवर विचारा की बिनअल्कोहोलचं पेअरिंग आहे का. नसेल तर काही आंबटसर मागा, लिंबाचं, चहाचं, काहीही. कोका-कोला नको, रीत म्हणून नव्हे, त्या गोडीपुढे इतक्या हळुवार शिजवलेल्या माशाचं काही चालत नाही. ‘स्टिल की स्पार्कलिंग’ असं विचारतील तेव्हा लक्षात ठेवा, दोन्ही बाटल्यांचे पैसे लागतात. ‘टॅप वॉटर’ म्हणायला लाजू नका, न्यूयॉर्कचं नळाचं पाणी उत्तम असतं.

पैशांचा हिशोब नीट करून जा, कारण मेनूवरचा आकडा आणि शेवटचा आकडा यांची गाठ पडत नाही. समजा दोघं गेलात, माणशी ३०० डॉलरचा मेनू, म्हणजे ६००. एक पेअरिंग १८०, पाणी २०. झाले ८००. न्यूयॉर्क शहरातला विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे ७१. टिप २० टक्के धरली तर १६०. एकूण १,०३१. सहाशेचे हजार होतात ते असे. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, त्या दिवशीचा भाव त्यांच्या साइटवर बघा आणि बिलात सर्व्हिस आधीच धरलीय का हेही बघा, नाहीतर टिप दोनदा जाते.

आणि हे बिल सासऱ्यांच्या नजरेस पडू देऊ नका. त्यांचा रुपयांचा गुणाकार सुरू झाला की जेवण संपलं. फोन करताना दोन गोष्टी विचारा: पाहुण्यांना किंमत नसलेला मेनू देता येईल का, आणि माझं कार्ड आधीच घेऊन ठेवाल का. पुष्कळ ठिकाणी दोन्ही जमतं. कार्ड आधी दिलं की शेवटी तुम्ही ‘जरा हात धुऊन येतो’ म्हणून उठता, दाराशी सही करता, आणि टेबलावर काळी फाइल येतच नाही.

फजितीचं राहिलं. बाटली मागवली तर आधी घोटभर ओततील. ‘आवडली का’ असा तो प्रश्न नसतो, बाटली खराब आहे का एवढंच विचारायचं असतं. वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच बिघडलंय, परत करा. नाही आला तर मान हलवा. एका कडेला खाच असलेला चपटा चमचा आला तर तो रश्शासाठी. काटे-सुऱ्या बाहेरून आत उचलत या, चुकलात तर माणूस गुपचूप येऊन नवीन ठेवून जाईल. मी हजारो ठेवलेत, कुणाचा चेहरा लक्षात ठेवला नाही. पेहरावाचं फोनवर विचारून घ्या. सासूबाईंच्या साडीला तिथे कुणी नियम लावणार नाही, झाली तर तिचं कौतुकच होईल.

म्हणजे फोनवर एकाच दमात सांगायचं ते एवढं: चौघं, त्यांतली दोघं वडीलधारी, ४० वा लग्नाचा वाढदिवस, कुणाला काय चालत नाही ते गटासकट, दुपारची जागा मिळेल का, किंमत नसलेला मेनू, कार्ड आधी. आणि ‘आमच्या सासूबाईंना माशातलं खूप कळतं’ हेही घाला. ते कॅप्टनच्या कागदावर जातं. मग तो त्यांच्याजवळ उभा राहून आजचा मासा कुठून आला ते सांगेल, तुम्ही भाषांतर करा. त्यांना प्रश्न विचारू द्या. माझी आई तिथे पंधरा मिनिटं एका मुलाशी माशाचे कल्ले कसे बघायचे यावर बोलली, ती मराठीत आणि तो इंग्रजीत, आणि दोघांचं पटलं.

घरून निघताना कुकरला थोडा भात लावून जा. पोट भरलेलं असेल, लोणी कमी नसतं त्या रश्शांत. तरी भाताशिवाय जेवण झालंय हे कोकणातल्या माणसाला पटत नाही. आम्ही त्या रात्री अकरा वाजता दहीभात खाल्ला होता.

तारीख ठरली की मला कळवा, संकष्टी आहे का बघून सांगते.